अंकुराचं तेल

दसरा उलटला की रहिमतपुरात आमच्या घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर मका वाळत पडतो. अर्ध्या रस्त्यावरून गाड्या जातात, अर्ध्यावर पिवळाधमक पट्टा पसरलेला असतो, आणि मधे कुणाचं चाक दाण्यांवर जाऊ नये म्हणून दगडांची ओळ. पुण्याहून येणारी नातवंडं त्याचे फोटो काढतात. दिसतंही छान. मी मात्र संध्याकाळी फिरून येताना एखादा दाणा उचलते, दातांनी फोडते आणि त्याच्या टोकाशी असलेला पांढरट, तुपकट भाग जिभेवर घेते. तो गोड लागतो, ओल्या बदामासारखा. त्या गोडव्यामागून मग दुसरं काहीतरी येतं. ते त्या दाण्यात नसतं, माझ्याच टाळूत कुठेतरी मुरलेलं असतं. पेट्रोलसारखा, पण त्याहून हलका आणि गार असा एक वास. साठ वर्षं होत आली, तरी मका रस्त्यावर आला की तो वास मला शोधत येतो.

तेव्हा मी सांगलीत होते. खंडाळ्याकडची मुलगी, साताऱ्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन नुकतीच बी. एस्सी. झालेली. वडील पलटणीतून निवृत्त झालेले. छप्पन्न साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होते. देव्हारा उतरवताना आई भिंतीकडे बघत उभी होती, तेवढं मला लख्ख आठवतं. सांगलीत मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या एका कारखान्याला प्रयोगशाळेत माणूस हवं होतं. माझी सोनाआत्या, विधवा आणि एकटी, त्याच कारखान्यात चाळणीवर कामाला होती. वडिलांनी मला तिच्या हवाली केलं. "पोरीला काचंच्या नळ्या हाताळायच्या हायत, चूल न्हाई," असं ते आत्याला बजावून गेले आणि एसटीच्या खिडकीतून बराच वेळ हात हलवत राहिले.

मक्याच्या दाण्यातून तेल निघतं हे तोवर मला पुस्तकातूनच ठाऊक होतं. कारखान्यात मोठमोठ्या हौदांत मका आंबटसर, गंधकाच्या वासाच्या पाण्यात भिजत पडायचा. दाणा फुगून मऊ झाला की तो भरड दळायचा, म्हणजे अंकुर न चिरडता अख्खा सुटून यायचा. अंकुरात तेल असतं म्हणून तो हलका, पाण्यावर तरंगतो. बाकीचा दाणा खाली बसतो. तरंगणारे ते लाख लाख अंकुर गाळून, धुऊन, वाळवून आणायचे. कारखान्यात सगळे त्याला जर्म म्हणायचे. आत्या मात्र 'डोळा' म्हणायची. "आज डोळं लय आलं गं," म्हणत ती संध्याकाळी पदर झटकायची आणि त्यातून सोनेरी कोंडा उडायचा.

जर्म भाजून घाण्यात पिळला की केशरी तेल गळायचं. उरलेल्या पेंडीतही पुष्कळ तेल असतं, आणि ते नुसतं दाबून निघत नाही. त्यासाठी आवाराच्या टोकाला एक वेगळी, उंच, पत्र्याची इमारत होती. तिथं पेंडीवर पेट्रोलसारखं एक पातळ रसायन सोडलं जाई. ते कणाकणातलं तेल धुऊन आणी. मग त्या मिश्रणाला वाफेची धग देऊन रसायन उडवायचं, थंड नळ्यांतून फिरवून पुन्हा पातळ करायचं आणि परत पेंडीवर सोडायचं. तेल एकीकडे. पेंड वाफेनं स्वच्छ केली की पांढुरकं पीठ दुसरीकडे. त्या पिठातच खरं मोल होतं, प्रथिनं. ते टंचाईचे दिवस होते. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे आणि तीही पुरत नसे. या पिठाची खीर खाऊन गावोगावची हाडकुळी पोरं अंग धरतील असं मॅनेजरसाहेब सांगत, आणि मला ते मनापासून पटत असे. माझं काम होतं पिठात तेल किती राहिलं, प्रथिनं किती आली, आणि मुख्य म्हणजे त्या रसायनाचा अंशही उरला नाही ना, हे बघणं. नळीत बुडबुडे येत असताना मनात येई, दाण्यानं हा शिधा आपल्या पोटच्या कोंबासाठी बांधून ठेवला होता. आपण तो सोडून नेतो आहोत.

त्या पत्र्याच्या इमारतीत जायचं तर दारात काडेपेटी, विडी, किल्ल्या, खिळ्याच्या चपला सगळं काढून ठेवावं लागे. आतले हातोडे पितळेचे, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी पडते. साफसफाईला जाणाऱ्या बायकांना जोडवी काढायला सांगितलं तेव्हा मोठा गहजब झाला; शेवटी त्यांनी पायांना फडकी गुंडाळली. तिथं कुणी मोठ्यानं बोलतही नसे. आवाजानं काही पेटत नाही हे मला माहीत होतं, पण आत गेले की माझाही आवाज आपोआप खाली येई.

तिथल्या पाळीवर बिरूअण्णा होते. जत भागातले धनगर. पाऊस सलग रुसला तेव्हा कळप मोडून, मोजकी मेंढरं घेऊन सांगलीत आलेले. उंच, शिडशिडीत, बोलायला कमी. कारखान्याच्या कुंपणामागच्या आमच्या वस्तीत त्यांचं आणि आमचं घर एका ओळीत होतं. त्यांची बायको बनाबाई, आम्ही तिला बनाक्का म्हणायचो, ठसठशीत आवाजाची आणि कुणाचं न ऐकणारी. वस्तीच्या उताराला एक ओढा होता. कारखान्याचं सांडपाणी त्याच्यात यायचं आणि तो पुढं कृष्णेकडे जायचा. ओढ्याच्या काठी शेवटची दोन घरं होती: एक बनाक्काचं, दुसरं तात्यांचं. तात्या गूळबाजारातले जुने हमाल आणि वस्तीतले मोठे माणूस. त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे.

पहिल्यांदा बनाक्काच म्हणाली. दसरा नुकताच झाला होता, हंगाम भरात होता, कारखान्याच्या दारात बैलगाड्यांची रांग लागलेली.

"सोनाक्का, मेंढरं वड्याला उतरंनात बघ. नाक फेंदारत्यात आन् मागं सरत्यात."

"पानी घान असंल," आत्या म्हणाली.

"घान पानी काय आज आलंय व्हय? ह्यो वास येगळा हाय. तुझ्या ह्या पोरीच्या लुगड्याला येतो तसला."

मी पदर हुंगून पाहिला. मला काहीच कळलं नाही. तेव्हा प्रथम मला भीती वाटली. नाक सरावतं. दिवसभर त्या वासात वावरलेल्या माणसाला तो वास येईनासा होतो, आणि जिथं तो सर्वांत जास्त तिथली माणसंच त्याच्याबाबतीत आंधळी होतात. दुसऱ्या दिवशी मी सांडपाण्याचा नमुना काढून आणला. त्यात वर पातळ, रंगहीन थर तरंगत होता. मॅनेजरसाहेबांना दाखवला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाटली उजेडात धरली, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाले, "हंगाम संपला की पाण्यातून रसायन वेगळं करायची टाकी उघडून दुरुस्त करू. ओला जर्म पडून राहिला तर खवट होतो, कमल. आत्ता थांबता येत नाही."

त्यानंतर ते दिवस एका विचित्र शांततेत गेले. मका येत होता, तेल गळत होतं, आणि ओढ्याकाठी बेडूक ओरडेनासे झाले होते. त्या रसायनाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही. पाण्यासारखी उताराकडे धावते, खळग्यात साचते, आणि कुठे एखादा निखारा भेटेपर्यंत निमूट पसरत राहते. हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. आता रोज संध्याकाळी त्या उताराच्या तळाशी दोन चुली पेटताना बघत होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कारखान्याला अर्धी सुट्टी होती. पत्र्याची इमारत तेवढी चालू होती. मी दिवेलागणीच्या जरा आधी निघाले आणि कुंपणापाशी पोचते तोच सगळ्या आवारातली घरघर एकदम थांबली. लाईट गेली होती. एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. त्या क्षणी मात्र मी वळून पत्र्याच्या इमारतीकडे पाहिलं. पंप बंद, म्हणजे नळ्यांना थंड पाणी बंद. आतली धग तर तशीच. उडालेलं रसायन आता पातळ होणार नव्हतं. ते मिळेल त्या वाटेनं बाहेर पडणार होतं. मी ओढ्याच्या पायवाटेनं धावत सुटले. ओढ्यावर गुडघाभर उंचीचं काहीतरी धूसर अंथरलं होतं, आणि या वेळी माझ्या सरावलेल्या नाकालाही तो वास झोंबला.

वस्तीत प्रत्येक दारात पणत्या मांडून ठेवलेल्या, काही पेटलेल्याही. तात्यांच्या अंगणात रांगोळी काढून झाली होती आणि ते स्वतः वाकून वाती सारख्या करत होते.

"तात्या, काडी ओढू नका! वड्यात गॅस उतरलाय. चुली विझवा, समद्यांना वर माळावर न्या."

तात्या सावकाश सरळ झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझं ओरडणं ऐकून घरातून धावत आलेल्या आत्याकडे.

"आज लक्षुमीपूजन हाय," ते म्हणाले.

"म्हायती हाय, तात्या. पन—"

"तुमी दिवाळी सोडली. ठीक हाय, तुमचं तुमाला. म्हनून आमीबी अंधारात बसायचं व्हय?"

आजूबाजूची माणसं जमली होती. कुणी हसलं. कुणीतरी "शिकल्याली बाई हाय" असं म्हणालं, आणि ते कौतुक नव्हतं. मी वाफेचं वजन, धग, नळ्या असं काहीबाही भराभरा सांगत होते आणि माझा एकही शब्द त्या अंगणात टिकत नव्हता. आत्या माझा दंड धरून उभी होती. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं: या वस्तीत आपण वर्षानुवर्षं मान खाली घालून जागा केली, ती आज या पोरीच्या एका ओरडण्यानं जाणार.

तेवढ्यात बनाक्का आपल्या घरातून बाहेर आली. तिच्या हातात भरलेली कळशी होती. तिनं कुणाकडेही न बघता आपल्या दारातल्या पेटवलेल्या पणत्यांवर पाणी ओतलं. मग आत गेली, चूल फसफसल्याचा आवाज आला, आणि ती धुरातून खोकत बाहेर आली.

"बने, आगं काय केलंस ह्ये?" तात्या ओरडले. "लक्षुमी दारात आलीया!"

"माझा दादला तितं आत हाय, तात्या," ती म्हणाली. "लक्षुमी उद्या येईल. त्यो न्हाई आला तर मी काय करू?"

ती तात्यांच्या ओट्यावर चढली आणि त्यांच्या बायकोच्या चुलीत उरलेली कळशी रिकामी केली. त्यानंतर कुणी वाद घातला नाही. रागानं, शिव्या देत, पण सगळ्यांनी चुली विझवल्या. पोरांना काखेत मारून आम्ही माळावर चढलो. तिथं बसल्या जागेवरून सगळी सांगली दिसत होती, दिव्यांच्या ओळीच ओळी, आणि खाली मधोमध आमची वस्ती तेवढी काळी. गावात फटाके वाजत होते. प्रत्येक फटाक्याला बनाक्का कारखान्याकडे बघायची. आत्यानं तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता.

काही झालं नाही. वारा नदीकडून सुटला, लाईट आली, घरघर पुन्हा सुरू झाली. बिरूअण्णा चालत वर आले तेव्हा त्यांच्या अंगावरचे कपडे घामानं चिंब होते. लोकांसमोर ते एवढंच म्हणाले, "आता जावा घरी. काय भ्या न्हाई." आमच्या ओसरीवर बसल्यावर मात्र त्यांनी हळू आवाजात सांगितलं. वाफेचा व्हॉल्व्ह अंधारात चाचपून हातानं बंद करावा लागला. "घोट्याइतक्या पान्यात हुबं ऱ्हाल्यागत पाय गार पडत हुतं, पोरी. आन् खाली बघितलं तर फरशी कोरडी." बाहेर बोलायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती.

न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? आग लागली असती तर राख दाखवता आली असती. आम्ही माणसं वाचवली होती आणि आमच्या हातात एक विझलेली दिवाळी तेवढी होती. दुसऱ्या दिवशी नळावर आत्या गेली तशा बायका घागरी उचलून बाजूला झाल्या. तात्यांचा नातू तापानं फणफणला, तर दिवे विझवल्यामुळं लक्ष्मी कोपली असं बोललं गेलं, आणि 'कुणामुळं' हे न बोलता कळत होतं. आत्या एकदाही मला रागे भरली नाही. भाकरी थापताना तेवढी एकदा म्हणाली, "कमळे, आपलं खरं हाय ह्ये आपल्याला म्हायती हाय. पन खरं घेऊन एकलंच बसायला लय जड जातं गं."

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी प्रयोगशाळेत होते. सकाळपासून इमारतीतली एक गळकी नळी दुरुस्त करायचं चाललं होतं. प्लँट थंड करून मगच हात लावा, असं बिरूअण्णांनी सांगितलं होतं म्हणे. पण जर्मचे ढीग चढले होते. मी मोजणीच्या काट्यावर वाकले होते. आधी उजेड आला. उन्हापेक्षा पांढरा. मग काचा आत आल्या, आणि आवाज त्यांच्या मागून. बाहेर पडले तर त्या उंच इमारतीचे पत्रे उडून गेलेले आणि आतला सांगाडा नारिंगी. कुठून ठिणगी पडली ते कधीच कळलं नाही. कुणी म्हणालं बाहेरून आलेल्या गवंड्याची पहार, कुणी म्हणालं मोटार. आगीनं सांगाडा सोडला आणि ती सांडपाण्याच्या नालीत उतरली. मी डोळ्यांनी पाहिलं: ती नालीतून चालत गेली, माणूस पायवाटेनं जातो तशी, वळणं घेत, ओढ्याकडे. ओढ्याच्या पलीकडे आमची वस्ती होती, आणि ती सगळ्यांच्या स्वयंपाकाची वेळ होती.

मी पोचले तेव्हा ओढा जळत होता. काठावरचा बांबू, बनाक्काचा मेंढरांचा वाडगा, तात्यांच्या परसातलं गवत, सगळं पेटलेलं. पण आग तिथंच अडखळली होती. वस्ती रिकामी होती. घराघरात चुली थंड, परातीत अर्धं मळलेलं पीठ. माणसं माळावर उभी होती, मेंढरंसुद्धा. थोड्याच वेळापूर्वी वास आला तेव्हा तात्याच काठी आपटत घरोघर फिरले होते, "चुली इझवा रं! वर चला!" दिवाळीपासून आमच्याशी एक शब्द न बोललेले तात्या. माझं बोलणं आपल्याला पटलंय हे कुणाला कळू न देता ते तेव्हापासून रोज ओढ्याचा वास घेत राहिले असणार. माळावर मला बघून ते जवळ आले. त्यांनी खाली कारखान्याकडे हात केला. "बिरू?" एवढंच विचारलं.

बिरूअण्णा बाहेर आले नाहीत.

बनाक्काच्या घरात चूल पेटायची नव्हती. वस्तीतून ज्याच्या त्याच्या घरची भाकरी तिच्यापुढे येत होती आणि ती हात लावत नव्हती. आमच्या घरची मात्र कुणी नेली नव्हती. आमच्या हातचं त्या ओळीत कुणी खात नसे. तसा रिवाजच होता. आत्या ताटली झाकून उंबऱ्यात बसून राहिली, ना आत ना बाहेर. तेव्हा बनाक्कानं जमलेल्या बायकांमधून मान वर केली आणि दारातूनच हाक मारली.

"सोनाक्का, तू काय केलंयस? आन ते हिकडं."

आत्या उठली. बनाक्कानं तिच्या ताटलीतली भाकरी मोडली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. तात्यांची बायको उठून गेली नाही. मग तिनंही हात पुढे केला.

वर्ष फिरलं. कारखाना पुन्हा उभा राहिला. नव्या पत्र्यांनी, नव्या नळ्यांनी, जुन्याच जागी. मला इथं रहिमतपुरात शिक्षिकेची नोकरी मिळाली होती आणि मी मागं राहिलेलं सामान आणायला सांगलीला गेले होते. दसरा होऊन गेलेला. बैलगाड्यांची रांग लागलेली, आणि शेजारी कामावर घेण्यासाठी माणसांची. त्या रांगेत बनाक्का उभी होती.

"बनाक्का, तू? हितं?" मला पुढे बोलवेना.

"मग कोन?" तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. "नवीन मानसाला घेत्यात, त्याला काय कळनार? मला कळतो वास. पोती भरायचं काम माग, म्हनली सोनाक्का. माझा दादला गेलाय हितं, घ्यायला लागतंय त्येंनी मला."

मी तिला नको म्हणाले. ती माझ्याकडे बघून हसली, आणि त्या हसण्यात माझी सगळी रसायनं संपली. भोंगा झाला. रांग सरकली.

पुढं आत्याकडे जाता-येता तिची खबर मिळत राही. जेवायच्या सुट्टीत ती आवारात थांबत नसे. माळावर चालून यायची, नाक सरावू नये म्हणून. तिच्या तिथल्या वर्षांत तिनं दोनदा आरडाओरडा करून प्लँट थांबवायला लावला. एकदा मुकादमानं तिला ढकललं, तर ती वाफेच्या नळासमोर बसून राहिली आणि उठेना. दोन्ही वेळा साहेब संतापले, दोन्ही वेळा जर्मचा ढीग खवट झाला. दोन्ही वेळा संध्याकाळी सगळी माणसं आपापल्या घरी जेवायला गेली.